हार्डडिस्कमधून फायली कॉपीच होत नाहीत, आत मामांचा दशावतार आहे

कुडाळची_मी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे.

मामांची एक टीबीची अडीच इंची एक्स्टर्नल हार्डडिस्क माझ्याकडे आली आहे. मामा कोकणातल्या दशावतारी नाटकांसाठी जत्रेजत्रेत कॅमेरा घेऊन फिरायचे. आडदशावतारातल्या, म्हणजे सुरुवातीच्या पूर्वरंगातल्या संकासुरापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, रात्रभराचा खेळ मिनीडीव्ही टेपांवर घ्यायचे. नंतर कधीतरी त्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून याच डिस्कवर टाकल्या. तासाभराची एक टेप म्हणजे १३ जीबीच्या आसपासची एक एव्हीआय फाइल. शिवाय घरचे जुने फोटो आणि थोडे मोबाइलवरचे व्हिडिओ आहेत.

आता त्रास सांगते.
फोटो बऱ्यापैकी कॉपी होतात. पेडण्याच्या मावसभावाला एक नाटक ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर द्यायला गेले, तर फाइल फार मोठी आहे म्हणून लगेच नकार. पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे हो! लॅपटॉपवर किंवा नव्या दोन टीबीच्या डिस्कवर घ्यायला गेले तर काही फायली झरझर जातात, काही मध्येच शून्य केबीवर येऊन बसतात आणि बऱ्याच वेळाने 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं येतं. कधी कधी टुंग आवाज होऊन डिस्कच गायब होते आणि परत उगवते.

गावातल्या दुकानदाराने 'फॉरमॅट मारून देतो, एकदम नव्यासारखी होईल' असं सांगितलंय. डिस्क नवी होऊन मला काय करायचंय, आतलं हवंय.

शेंगदाणा_चिक्की | शनिवार, रात्री ९:५८

चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलंच डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ड्राइव्हचं अक्षर द्यायचं आणि पुढे स्लॅश आर. रात्रभर लावून झोपा, सकाळी ठणठणीत. माझ्याकडे तरी दर वेळी चाललंय.

तारवाला | शनिवार, रात्री १०:०६

थांबा! ताई, चेकडिस्क लावलं नसेल तर लावू नका, लावलं असेल तर बंद करा. दुकानदाराकडे तर डिस्क देऊच नका.

चिक्कीभाऊंचा उपाय खोटा नाही, पण तो वेगळ्या आजाराचा आहे. डिस्क धडधाकट आहे आणि फक्त फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची, नोंद बिघडली आहे, म्हणजे लाइट गेली, वायर उपटली गेली, अशा वेळी चेकडिस्क छान काम करतं. इथे सायक्लिक रिडंडन्सी चेक येतंय. डिस्कने सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचला, पण वाचलेलं आणि सोबतचा पडताळणीचा आकडा जुळत नाही, असा त्याचा अर्थ. अशा डिस्कवर स्लॅश आर लावलं की ते एकेक सेक्टर वाचत बसतं, न वाचता आलेला भाग खराब म्हणून बाद करतं आणि त्याच डिस्कवर नव्या नोंदी लिहितं. म्हणजे आजारी डिस्कवर रात्रभर वाचनाचा ताण, आणि मूळ नोंदींमध्ये बदल, तेही एकही फाइल दुसरीकडे गेलेली नसताना. घर कलतंय तेव्हा सामान आधी बाहेर काढतात, भिंतीला गिलावा नंतर.

तुमच्या धाग्यात मला निदान दोन वेगळ्या तक्रारी दिसतात, कदाचित तीन. पेनड्राइव्हची गोष्ट एक. सायक्लिक रिडंडन्सी चेक (सीआरसी) दुसरी. टुंग करून गायब होणं ही दुसरीचीच शेपटी असेल किंवा केबलची स्वतंत्र भानगड असेल. सगळ्यांना एकच औषध देऊ नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते उघडून ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे टाका. ते पाहून झालं की डिस्क काढून ठेवा. तोवर 'एवढी एक फाइल बघू जाते का' असलं काही नको.

झिरो_वन | शनिवार, रात्री १०:२१

पेनड्राइव्हचं मी सांगतो, ते सोपं आहे.

तुमचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फायली ठेवायची एक जुनी पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) असणार, ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक कारखान्यातून तसेच येतात. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा असते, त्यामुळे एक फाइल चार जीबीला एक बाइट कमी, याच्या पुढे जाऊच शकत नाही. रिकामी जागा किती आहे याच्याशी संबंध नाही. १३ जीबीची फाइल कितीही जोर लावला तरी बसणार नाही. मेमरी कार्डवाले हौशी व्हिडिओ कॅमेरे एकाच कार्यक्रमाचे तुकडे तुकडे करून ठेवायचे, त्यामागेही बऱ्याचदा हीच मर्यादा असायची.

पेनड्राइव्हवरचं काही ठेवायचं असेल ते काढून घ्या आणि एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करा. विंडोजची नेहमीची एनटीएफएसही चालेल, पण मॅकला त्यावर लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं. भाऊ टीव्हीला लावून बघणार असेल तर आधी विचारा, काही टीव्हींना एक्सफॅट कळत नाही. शिवाय टीव्हीला डीव्ही एव्हीआय वाजवता येईल याचीही खात्री नाही. त्याला एमपी४ करून दिलेलं बरं, फाइल लहानही होईल.

फॉरमॅट करताना ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा. मामांच्या डिस्कची केबल त्या वेळी काढूनच ठेवा.

कुडाळची_मी | रविवार, सकाळी ८:१५

सगळ्यांचे आभार. चेकडिस्क लावलं नव्हतं.

पिवळ्या चौकोनात 'कॉशन' दिसतंय. आकडे:
०५ – ०
सी५ – १ए८
सी६ – ०
सी७ – ०

हे '१ए८' काय प्रकरण आहे? माझं टायपिंग चुकलेलं नाही, तिथे तसंच लिहिलंय.

गल्लीबोळ | रविवार, सकाळी ८:४४

सी७ शून्य म्हणजे केबल चांगली आहे. एक शंका मिटली.

तारवाला | रविवार, सकाळी ९:३०

गल्लीबोळ, नाही हो. सी७ डिस्क आणि तिला जोडलेला कंट्रोलर यांच्यातल्या साटा जोडणीवरच्या (डिस्कच्या आतल्या नेहमीच्या जोडणीवरच्या) चुका मोजतो. डेस्कटॉपमध्ये त्यावरून केबल पकडता येते, कबूल. पण यूएसबी डिस्कमध्ये तो कंट्रोलर डब्याच्या आतच असतो. आपण हाताळतो ती बाहेरची यूएसबी वायर त्या मोजणीत येतच नाही, ती तुटायला आली तरी सी७ शून्यच दाखवेल. तेव्हा ती शंका उभीच आहे.

ताई, ते आकडे दहाऐवजी सोळावर मोजायच्या पद्धतीतले आहेत, त्यात ए म्हणजे दहा. १ए८ म्हणजे २५६ अधिक १६० अधिक ८, एकूण ४२४. मेनूत शोधलंत तर दशमान आकडेही दाखवता येतात.

आता ४२४ कसले? सी५ म्हणजे 'पेंडिंग' सेक्टर. डिस्कला ते वाचता आले नाहीत, पण तिने अजून त्यांना बाद केलेलं नाही. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईल तेव्हाच ती ठरवते की जागा ठीक आहे की राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर तिथे लावायचा. तसा बदली लावला की तो ०५ मध्ये मोजला जातो. तुमचा ०५ शून्य आहे, म्हणजे अजून कुणी त्यावर लिहायला गेलेलं नाही. तुमच्या पथ्यावरच पडलंय.

दुकानदाराच्या 'नव्यासारखी'चं गुपितही यातच आहे. विंडोजमधलं पूर्ण फॉरमॅट व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं. लिहिलं की पेंडिंग सेक्टर निकालात निघतात, पिवळ्याचं निळंही होऊ शकतं, आणि गिऱ्हाईक खूश. आत काय होतं ते विचारायचं नाही.

गायब होण्याबद्दल: इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडा, सिस्टिममध्ये 'डिस्क' या नावाच्या नोंदी बघा. ७ क्रमांकाची नोंद म्हणजे बॅड ब्लॉक. १५७ म्हणजे डिस्क अचानक निघून गेली. ७ च्या ओळी दिसल्या आणि त्यांच्या मागोमाग १५७ आली, तर डिस्क सेक्टरवर अडून बसली आणि वैतागून आतल्या कंट्रोलरने नव्याने सुरुवात केली, असं समजायला हरकत नाही. मागेपुढे काहीच नसताना नुसतीच १५७ असेल तर केबल किंवा पॉवर.

काहीही निघालं तरी केबल बदला. त्या चपट्या, दोन भागांच्या पिनेची केबल फार लवकर सैल होते. हबमधून जोडू नका, जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या भागातल्या पोर्टात तर नकोच. यूएसबी २ च्या पोर्टाला ५०० मिलीॲम्पिअर, ३ च्या पोर्टाला ९०० द्यायची सोय असते, आणि डिस्क फिरायला लागताना जास्त करंट मागते. निळा पोर्ट, थेट लॅपटॉपचा.

शेंगदाणा_चिक्की | रविवार, सकाळी १०:०२

बरं, चेकडिस्क नको. मग विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कमांड? ते तर फक्त कॉपी करतं, काही बदलत नाही.

झिरो_वन | रविवार, सकाळी १०:१९

रोबोकॉपी चांगलं आहे, पण स्विच न देता लावलंत तर गंमत होईल. फाइल वाचता आली नाही तर ते १० लाख वेळा परत प्रयत्न करतं आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये ३० सेकंद थांबतं. मूळ सेटिंगच तसं आहे. एका खराब फाइलीवर जवळजवळ वर्ष. नेटवर्कवरच्या फायलींसाठी केलेली सोय आहे ती. लावायचंच तर आर:१ आणि डब्ल्यू:१ हे दोन स्विच द्या, म्हणजे एकदा बघून पुढे जाईल.

तरी इथे मी ते वापरणार नाही. एक सेक्टर वाचता आला नाही की रोबोकॉपी अख्खी १३ जीबीची फाइल सोडून देतं.

न_नळाचा | रविवार, सकाळी १०:४०

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. आमच्या ऑफिसातला एक जण असंच करायचा. :)

तारवाला | रविवार, सकाळी १०:५५

कुडाळात? पावसाळी हवेत? फ्रीजरमधून काढल्या काढल्या दव धरणार, आणि तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या, वाचन करणाऱ्या हेडसमोर पाण्याचा कण म्हणजे डोंगर. नको रे बाबा.

सोलापुरी_चादर | रविवार, दुपारी १२:१०

तांत्रिक भाग जाणकार बघतायत, मला एकच विचारायचंय. मूळ टेपा आहेत का अजून? असतील तर या डिस्कवरच्या सगळ्या फायलींची किंमत सारखी नाही. ज्या टेपा हरवल्या किंवा खराब झाल्या त्यांच्या फायली आणि फोटो पहिल्यांदा. ज्याची टेप कपाटात नीट आहे ते सावकाश.

कुडाळची_मी | रविवार, दुपारी २:३५

फार बरं विचारलंत. मामीला फोन केला. काही टेपा आहेत, पण बऱ्याच जणींवर बुरशी आली आहे, पांढरे ठिपके दिसतात. एका पेटीतल्या टेपा कुणीतरी 'आता कॉम्प्युटरवर आहे ना' म्हणून देऊन टाकल्या. कॅमेराही बंद आहे. म्हणजे पेटीतल्या नाटकांची ही एकच प्रत.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ च्या रांगाच्या रांगा आहेत, आणि १५७ अधूनमधून, ७ च्या नंतर.

काका म्हणतायत, डबा उघडून डिस्क बाहेर काढून थेट डेस्कटॉपला लावू, यूएसबीचा घोळच नको. करू का?

तारवाला | रविवार, दुपारी ३:०५

काकांचा विचार एरवी योग्य असतो, पण आधी थांबवा त्यांना. हल्लीच्या बऱ्याच अडीच इंची डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच झाळलेलं असतं, आत साटाची पिन नसतेच. दुसरं, काही डिस्कमध्ये आतला कंट्रोलर सगळा मजकूर एन्क्रिप्ट करून लिहितो, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. ती डिस्क दुसऱ्या कंट्रोलरला जोडली की नुसता कचरा दिसतो. चालू आहे तोवर तिच्या स्वतःच्या डब्यातूनच वाचा.

आवाज कसा आहे? एकसारखी घरघर ठीक. ठराविक तालात कट्-कट्, कट्-कट् येत असेल तर इथलं काहीच करू नका, पॉवर काढा. मग ते क्लीन रूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम, आणि आधी खर्चाचा अंदाज लेखी घ्यायचा.

कुडाळची_मी | रविवार, दुपारी ३:२०

कट्-कट् नाही. अडकते तेव्हा बारीक किर्र येतं, मग शांत.

तारवाला | रविवार, दुपारी ४:१०

मग घरी करण्यासारखं आहे. नीट वाचा आणि वाचून झाल्यावरच डिस्क जोडा.

आपल्याला फायली कॉपी करायच्याच नाहीत. अख्ख्या डिस्कची, सेक्टरला सेक्टर, एक इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, नव्या डिस्कवर घ्यायची. विंडोजचा एक्सप्लोरर खराब जागेवर डोकं आपटत बसतो. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर उलट वागतं: अडलं की ती जागा वहीत लिहून पुढे उडी मारतं, आधी सोपं सगळं गोळा करतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. ती वही म्हणजे मॅपफाइल. लाइट गेली, डिस्क गायब झाली, लॅपटॉप अडकला, तरी तीच कमांड तशीच पुन्हा द्यायची, मॅपफाइल बघून ते सोडलेल्या जागेपासून सुरू होतं. कोकणातल्या लाइटच्या भरवशावर काम करायचं असेल तर मॅपफाइलशिवाय सुरुवातच नको.

उबुंटू ही लिनक्सवर चालणारी फुकट सिस्टिम आहे, तिचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा (लॅपटॉप थेट त्यावरून सुरू होतो), 'ट्राय' निवडा, इन्स्टॉल नाही. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. मामांची डिस्क जोडल्यावर उबुंटू ती आपोआप उघडेल, ती लगेच अनमाउंट करा, म्हणजे जोडलेली राहू देऊन नुसती बंद करा. कोणती डिस्क कोणती हे एलएसबीएलके या कमांडने बघा. तुमचं नशीब चांगलं, एक टीबी आणि दोन टीबी आकारावरूनच ओळखू येतात. इथे स्रोत आणि मुक्काम उलटसुलट झाले तर रिकामी डिस्क मामांच्या डिस्कवर उतरेल, तेव्हा एंटर दाबण्याआधी काकांना मोठ्याने वाचून दाखवा.

नवी डिस्क एनटीएफएस किंवा लिनक्सच्या एक्सटी४ मध्ये हवी. इमेज ही एक टीबीची एकच फाइल होणार, झिरो_वननी सांगितलेली फॅट३२ ची गोष्ट इथेही लागू.

पहिली फेरी डी आणि एन हे दोन पर्याय देऊन. एनमुळे ते खराब जागा खरवडत बसत नाही. ती पूर्ण झाली की दुसरी फेरी एन काढून, आर३ देऊन, म्हणजे उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न. तिन्ही नावं, म्हणजे डिस्क, इमेज, मॅपफाइल, दोन्ही फेऱ्यांत अगदी तीच. मॅपफाइल नव्या डिस्कवर ठेवा, लाइव्ह उबुंटूचं स्वतःचं सगळं बंद केल्यावर पुसलं जातं.

डिस्क लाकडी टेबलावर आडवी, शेजारी टेबलफॅन. गादीवर नाही, लॅपटॉपवर नाही. एकदा फिरायला लागली की हलवायची नाही. लॅपटॉपचं झोपी जाणं बंद करा. धडधाकट डिस्क सेकंदाला सरासरी ८० एमबी वेगाने साडेतीन तासांत संपते, ही जास्त घेईल. वेग पडला म्हणून घाबरून वायर काढू नका.

मेथीचा_लाडू | रविवार, संध्याकाळी ६:००

मध्येच घुसतोय, माफी. माझा पेनड्राइव्ह 'राइट प्रोटेक्टेड' म्हणतो, बटणबिटण काही नाही. कॉपी, डिलीट, फॉरमॅट काहीच होत नाही.

झिरो_वन | रविवार, संध्याकाळी ६:१२

वाचता येतंय ना? मग आधी सगळं काढून घ्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत किंवा डिस्कपार्टमध्ये (दोन्ही आतल्या सेटिंगच्या जागा) कुणी रीड-ओन्ली लावलेलं नसेल तर बहुतेक आतल्या कंट्रोलरनेच फ्लॅश, म्हणजे साठवणीची चिप, संपत आली म्हणून लिहिणं बंद केलंय. दुरुस्तीच्या नादी लागू नका.

अवांतर: चारपाचशे रुपयांत 'दोन टीबी' म्हणून मिळणारा पेनड्राइव्ह असेल तर तो वेगळाच प्रकार. आत खरी जागा थोडीच असते, आकडा खोटा सांगितलेला. त्यावर कॉपी अगदी झकास होते, फायली उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने संपूर्ण भरून तपासा.

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ९:२५

हेही अवांतरच, पण कोकणातला धागा आहे म्हणून. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा बऱ्याच लोकांनी भिजलेल्या डिस्क उन्हात वाळवून, हेअर ड्रायर मारून चालू करून बघितल्या. ओल्या डिस्कला कधीही पॉवर देऊ नका आणि घरी वाळवूही नका, गाळ तबकडीवर सुकून घट्ट बसतो. ओलीच हवाबंद पिशवीत घालून रिकव्हरीवाल्यांकडे.

कुडाळची_मी | मंगळवार, रात्री ८:५०

झालं!!

पहिली फेरी संध्याकाळी लावली होती. मध्ये लाइट गेली, यूपीएस नव्हता, डिस्क बंद झाली. लाइट आल्यावर तीच कमांड दिली आणि खरंच तिथूनच पुढे सुरू झालं. काकांनी हात जोडले.

पहिल्या फेरीनंतर ९९.९९ टक्के. दुसरी फेरी फार रेंगाळली. शेवटी पाचशे केबीहून थोडं कमी वाचायचं राहिलं. एक टीबीतले पाचशे केबी! पण ते कुठल्या नाटकात गेले कसं कळणार? सगळी नाटकं पहाटेपर्यंत बघत बसू?

गल्लीबोळ | मंगळवार, रात्री ९:०५

बसा की, पुण्य लागेल. :)
अभिनंदन!

तारवाला | मंगळवार, रात्री ९:४८

वा! बघत बसायची गरज नाही, डीडीरेस्क्यूमध्येच सोय आहे.

त्याचा 'फिल मोड' मॅपफाइल वाचून इमेजमधल्या न वाचलेल्या जागांमध्येच आपण दिलेला मजकूर भरतो. एक छोटी टेक्स्ट फाइल करा, त्यात कुठेही सापडणार नाही असा विचित्र शब्द लिहा. फिल मोडला वजा चिन्ह द्यायचं, स्रोत म्हणून ही टेक्स्ट फाइल, मग इमेज आणि मॅपफाइल. जुनी डिस्क आता कपाटात, तिची गरज नाही. मॅपफाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवा. नंतर इमेज फक्त वाचण्यासाठी माउंट करा (डिस्कसारखी उघडा) आणि ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द सगळ्या फायलींत शोधा. ज्या फायलींची नावं आली त्याच जखमी. नाव एकही आलं नाही तर खराब जागा रिकाम्या भागात होती.

आणि नावं आली तरी लगेच धीर सोडू नका. डीव्हीची एक गोष्ट फार चांगली आहे: प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, आपल्याकडच्या पाल पद्धतीत नेमकी १,४४,००० बाइटची, सेकंदाला २५. चार केबीचा सेक्टर गेला तर त्या एका फ्रेममधले काही चौकोन बिघडतात, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरतं. मोबाइलच्या एमपी४ मध्ये पुढच्या फ्रेमा आधीच्या फ्रेमांवर टेकलेल्या असतात, तिथे एक सेक्टर गेला तर पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्र चिखल होतं, आणि सूचीचा भाग गेला तर फाइल उघडतच नाही. जेपेग फोटोचा खालचा भाग करडा होतो किंवा रंग सरकतात. मामांनी जागा वाचवायला सगळं एमपी४ केलं नाही हे फार बरं झालं.

कुडाळची_मी | बुधवार, रात्री १०:३०

ग्रेपने सात नावं दिली. पाच डीव्ही, एक मोबाइलचा व्हिडिओ, एक फोटो.

मोबाइलचा व्हिडिओ उघडत नाही, तो बारशाचा होता, दुसऱ्या कुणाकडे मिळेल. फोटोचा खालचा पाव भाग करडा. आणि डीव्हीत... व्हीएलसीमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले तेव्हा कुठे सापडलं. संकासुराच्या काळ्या बुरख्यावर तीनचार हिरवे चौकोन आले आणि पुढच्या फ्रेमला गेले. नुसतं बघताना डोळ्याला कळतही नाही. पेटीतल्या टेपांची नाटकं सगळी उघडली. मामी मृदंग ऐकून फोनवर नुसती 'गो बाय' एवढंच म्हणत होती.

आता एक नवीन. पुण्याच्या भावजींकडे घरच्या नेटवर्कला लावलेला स्टोरेज बॉक्स आहे, त्यावर दुसरी प्रत करतोय. बहुतेक सगळं गेलं, पण काही फायली 'नाव फार लांब आहे' म्हणून अडतात. याच फायली विंडोजमध्ये त्याच नावाने वर्षानुवर्षं होत्या! मामा नावात सगळंच लिहायचे: कंपनी, नाटक, गाव, जत्रेची तिथी, कोण काय झालं होतं.

झिरो_वन | बुधवार, रात्री १०:५२

ही खास आपली अडचण आहे, इंग्रजीत नावं ठेवणाऱ्यांना सहसा भेटतच नाही.

विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला २५५ चिन्हं चालतात. भावजींच्या बॉक्समध्ये आत लिनक्स असणार, आणि एक्सटी४ सारख्या तिथल्या फाइल सिस्टिमची मर्यादा २५५ बाइटची आहे, चिन्हांची नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे. 'कुडाळ' ही आपल्या हिशोबाने तीन अक्षरं, तिथे पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. 'श्री' हे एकच अक्षर १२ बाइट खातं. म्हणजे देवनागरी नाव सगळं मिळून ८५ चिन्हांतच बसवायला हवं, आणि त्यातही डॉट एव्हीआय आलं.

नावं छोटी करा, पण मामांची माहिती फेकू नका. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल करून पूर्ण नाव तिच्यात चिकटवा, शेजारी नवीन छोटं नाव.

तसंच, उद्या हे सगळं विंडोजवर फोल्डरात फोल्डर करत खोल ठेवाल तेव्हा तिथे वेगळी मर्यादा भेटेल: ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या टोकापर्यंतचा सगळा पत्ता मिळून २६० चिन्हं. बरीच सॉफ्टवेअर अजून तिथेच अडतात.

सोलापुरी_चादर | गुरुवार, सकाळी ७:५०

त्या टेक्स्ट फायलींचीही एक प्रत इमेजसोबत ठेवा. कोण काय झालं होतं हे सांगणारी माणसं आता किती उरली असतील.

बुरशीच्या टेपांचं काय ठरवलंत? कॅमेरा मिळाला तर फायरवायर (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी जोडणी) लागेल, यूएसबीने डीव्ही नीट उतरत नाही. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतंच, पण डेस्कटॉपमध्ये बसणारी कार्डं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुन्या सामानात अजून मिळतात.

कुडाळची_मी | गुरुवार, सकाळी ९:१०

नावं बदलायला आजच बसते, काकांना टायपिंगला लावते. भावजींकडे डेस्कटॉप आहे, कार्डाचं त्यांना सांगते. शेजारच्या गावातल्या एका फोटोग्राफरकडे चालू कॅमेरा आहे, द्यायला तयार आहेत. ज्या टेपांवर ठिपके कमी आहेत त्या घालून बघू का?

जुनी डिस्क टाकून देऊ? आणि एक टीबीची इमेज ठेवू की उडवू?

तारवाला | गुरुवार, सकाळी ९:३५

डिस्कवर घरचे फोटो आहेत, भंगारवाल्याला देऊ नका. दुसरी प्रत नीट उघडते हे बघेपर्यंत डिस्क आणि इमेज दोन्ही राहू द्या. एमडी५सम या कमांडने दोन्हीकडच्या फायलींचे पडताळणीचे आकडे काढून जुळवा, नुसतं फोल्डरचं आकारमान बघून भागत नाही.

टेपा मात्र त्या कॅमेऱ्यात घालू नका, एक ठिपका असलेलीही नाही. बुरशी हेडवर बसते आणि पुढे त्यात घातलेल्या चांगल्या टेपेलाही लागते, शिवाय कॅमेरा बिचाऱ्या फोटोग्राफरचा. ठिपकेवाल्या टेपा वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करा, चांगल्या टेपांपासून लांब. आधी यादी काढा: कोणत्या टेपेचं नाटक इमेजमध्ये धड आलंय. ते आलं असेल त्या टेपेला हातच लावायचा नाही. उरतील त्यांची संख्या टाका, मग साफ करून देणारं कुणी शोधू.